संगणकाची घरघर व तिच्यावरील उतारा

ज्या घरांत संगणकावर चित्रांचें काम चालतें, त्या घरांत रात्रीं निजानीज झाल्यावर एक आवाज ऐकूं येऊं लागतो. दिवसा तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. स्वयंपाकघरांतील मिक्सर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर आणि दूरचित्रवाणी यांच्या गलबल्यांत तो बुडून गेलेला असतो. दहा वाजले, दिवे मालवले, कीं तो स्पष्ट होतो. प्रथम मंद घूं घूं, मग चढत जाणारी घरघर, मग अकस्मात् उतार, आणि थोड्या वेळानें पुन्हां चढ. मराठींत 'घरघर लागणें' ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ फारसा शुभ नाहीं; परंतु ह्या यंत्रास लागलेली घरघर तें अगदीं भरांत येऊन काम करीत असल्याची खूण असते. तिचा खरा उपद्रव पोंचतो तो शेजारच्या खोलींत निजलेल्या माणसांस. हा आवाज कशांतून निघतो, आणि घरच्या घरीं बेताच्या खर्चांत तो कसा उतरवितां येतो, ह्याविषयीं कांहीं उपयुक्त माहिती वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

संगणकाच्या पेटींत पंखे अनेक असतात, पण त्यांत सर्वांत दांडगा बहुधा ग्राफिक्स कार्डाचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचें चित्र तयार करणारी स्वतंत्र पाटी. तिच्यावर एक मुख्य चिप, तिच्या भोंवतीं स्मृतीच्या चिपा आणि वीज नियमित करणारे भाग बसविलेले असतात. १९९६ सालीं निघालेल्या व्हूडू नांवाच्या कार्डावर पंखा नव्हताच. उघड्या हवेनेंच त्याचें भागत असे. १९९९ सालीं एनव्हिडिया कंपनीनें जीफोर्स २५६ काढलें, तेव्हां चिपेवर एक चिमुकला पंखा आला. पुढें कामाचा वेग वाढला तशी वीज वाढली. आणि जेवढी वीज आंत जाते तेवढी सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते, ह्या निसर्गनियमांतून सुटका कोणाचीच नाहीं. २००३ सालीं त्याच कंपनीचें जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा बाजारांत आलें, तें चित्रांपेक्षां आवाजासाठींच गाजलें. लोक त्यास केस वाळविण्याच्या यंत्राची उपमा देऊं लागले, आणि अखेर कंपनीच्याच माणसांनीं त्या पंख्याची थट्टा करणारी एक चित्रफीत काढली. आज मध्यम प्रतीचें कार्ड घेतलें, उदाहरणार्थ २०२३ चें आरटीएक्स ४०६०, तर तें सुमारें ११५ वॅट वीज घेतें. २०२१ चें आरटीएक्स ३०६० हें १७० वॅट. आणि २०२५ सालच्या आरटीएक्स ५०९० ची मजल ५७५ वॅटपर्यंत गेली आहे. घरांतील साध्या इस्त्रीच्या निम्म्याहून अधिक उष्णता, आणि ती मुख्यतः लहानशा बिस्किटाएवढ्या चिपेंतून!

हीं कार्डें केवळ मुलांच्या खेळांसाठीं असतात ही समजूत आतां जुनी झाली. पुणे जिल्ह्यांतच नारायणगांवजवळ खोडद येथें जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या तीस तबकड्यांनीं टिपलेल्या लहरींचें गणित ह्याच जातीच्या चिपांवर चालतें. पुण्याच्या आयसर संस्थेंतील 'परम ब्रह्म' ह्या महासंगणकाची उष्णता काढण्यासाठीं तर थेट चिपांपर्यंत द्रव खेळविलेला आहे. अशा ठिकाणीं आवाजाची फिकीर कोणी करीत नाहीं. यंत्रांस स्वतंत्र दालन असतें, आणि तेथें कोणी निजत नाहीं. घरांतल्या यंत्राची गोष्ट वेगळी.

इंदापूर तालुक्यांतील सणसर हें गांव आमच्या बहुतेक वाचकांस आषाढींच्या सुमारास आठवतें, कारण तुकोबांच्या पालखीचा तेथें मुक्काम असतो. एरवीं बारामतीहून इंदापूरकडे जातांना दुतर्फा ऊस, नीरा डाव्या कालव्याचें पाणी, आणि शेजारींच भवानीनगरचा श्री छत्रपति सहकारी साखर कारखाना, एवढीच त्याची ओळख. तेथें आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. घरांतील थोरला मुलगा लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून देण्याचा व्यवसाय करतो. खेड्यांत हा धंदा आतां चांगलाच रुळला आहे. लग्न लागलें कीं आठ-पंधरा दिवसांत त्याची चित्रफीत वरपक्षाच्या व वधूपक्षाच्या हातीं पडावी लागते. कित्येक तासांचें चित्रण कापून, रंग सुधारून, संगीत घालून शेवटची फीत तयार करण्याचें काम यंत्रावर सोंपवावयाचें, तें रात्रभर चालतें. आणि लग्नसराई कधीं? ऐन उन्हाळ्यांत. त्या भागांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळीस अंशांस शिवतो, आणि रात्रीं दहा वाजतां घराच्या भिंती अजून धगधगत असतात.

घर दोन-तीन खोल्यांचें. पुढच्या खोलींत संगणक, मधल्या खोलींत मुलाची आजी. आम्ही एकदां तेथें मुक्कामास होतों, त्या रात्रीं आजींचा स्वर अंधारांतून ऐकूं आला. "अरे, त्या पेटींत पिठाची गिरणी बसवली आहेस काय रे?" मुलगा म्हणाला, "आजी, निमगांवच्या लग्नाची फिल्म चाललीय. सकाळीं नेऊन द्यायची आहे, आगाऊ पैसे घेतलेत." त्यावर आजी कांहीं बोलल्या नाहींत. निरोपाच्या वेळीं सुनेकडून कळलें तें असें कीं मागें एका रात्रीं त्यांनीं उठून त्या पेटीवर चक्क आपली गोधडी घातली होती, आणि यंत्र अर्ध्या कामांत बंद पडलें होतें. मुलानेंही आपल्या परीनें उपाय करून पाहिला होता. सॉफ्टवेअरमधून त्यानें पंख्यांची गति कमी केली. आवाज उतरला, सर्वांस झोप लागली. परंतु सकाळीं पाहतो तों काम निम्मेंही झालेलें नाहीं. चिप तापली म्हणजे स्वसंरक्षणार्थ ती आपला वेग आपणच कमी करते, हें त्यास तेव्हां ठाऊक नव्हतें.

आजींची गोधडी आणि नातवाचें सॉफ्टवेअर ह्या दोन्ही उपायांत दोष एकच. आवाजास शत्रु समजून त्याच्यावर हल्ला केला, पण उष्णतेस वाट करून दिली नाहीं. आवाज हें उष्णतेच्या वाहतुकीचें भाडें आहे. वाट अरुंद असली तर भाडें अधिक पडतें. भाडें देण्याचें नाकारलें तर माल जागच्या जागीं पडून राहतो. वाट रुंद करणें, किंवा मुळांत माल कमी करणें, हेच काय ते दोन खरे उपाय.

चहाची बशी घ्या. कपांतला वाफाळणारा चहा निवण्यास वेळ लागतो, घाईच्या माणसास त्यावर फुंकर घालावी लागते. तोच बशींत ओतला कीं फुंकर न घालतांही पिण्याजोगा होतो. गुऱ्हाळावर काहिलींतून उतरलेला पाक पसरट वाफ्यांत ओततात, तेंही त्याचसाठीं. कार्डाच्या चिपेवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची जी जुडी बसविलेली असते, जिला हीटसिंक म्हणतात, ती ही बशी होय. बशी लहान असेल तर फुंकर जोराची लागते, आणि पंख्याची घरघर म्हणजे ती फुंकर.

चिप लहान आणि जुडी मोठी. मग चिपेची उष्णता जुडीच्या दूरच्या टोकापर्यंत न्यावयाची कशी? तांबें हें उष्णतेचें उत्तम वाहक खरें, पण भरीव तांब्याची दांडीही ह्या कामास तोकडी पडते. म्हणून पोकळ तांब्याच्या नळ्या योजतात. त्यांस हीटपाइप असें नांव आहे. नळींतील हवा काढून टाकून, आंत थोडेंसें पाणी ठेवून, दोन्ही तोंडें बंद केलेलीं असतात. हवेचा दाब नसल्यामुळें तें पाणी थोड्याशा उष्णतेनेंही वाफ होतें. ती वाफ थंड टोकाकडे धांवते, तेथें तिचें पुन्हां पाणी होतें, आणि नळीच्या आंतल्या अंगास असलेल्या सच्छिद्र थरांतून तें पाणी उष्ण टोकाकडे परत ओढलें जातें. समईंतील तेल वातीच्या धाग्यांतून ज्योतीकडे चढतें, तोच हा न्याय. ही युक्ति १९६३ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनीं प्रत्यक्षांत आणली. तेव्हां दृष्टि अंतराळयानांवर होती. आज ती सणसरच्या पुढच्या खोलींत लग्नाच्या चित्रफितीसाठीं राबते आहे.

आतां हवेचा हिशेब. कार्ड २०० वॅट उष्णता टाकतें, आणि हवा दहा अंशांनीं तापून बाहेर पडावी असा बेत धरला, तर दर सेकंदास सुमारें १७ लिटर हवा, म्हणजे जवळजवळ एक घागरभर, त्या जुडींतून गेली पाहिजे. ही घागर लहान पंखा वेगानें फिरून भरील, किंवा मोठा पंखा सावकाश फिरून भरील. सणसरच्या शेतकऱ्यास हें समजावून सांगावयास नको. अरुंद चारींतून पाणी खळखळत धांवतें. तेवढेंच पाणी रुंद कालव्यांतून जातांना काठावरच्या माणसास चाहूलही लागत नाहीं. पंख्यांच्या शास्त्रांत ह्याचें मापही ठरलेलें आहे. एखाद्या पंख्याची गति निम्मी केली कीं त्याचा आवाज सुमारें १५ डेसिबेलांनीं उतरतो, आणि दहा डेसिबेलांचा उतार कानास आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. पंख्याचा व्यास ८० मिलिमीटरवरून १२० केला, तर तेवढ्याच फेऱ्यांत तत्त्वतः तिपटीहून अधिक हवा जाते. प्रत्यक्षांत पत्र्यांच्या फटींचा अडथळा असल्यानें इतका लाभ पदरीं पडत नाहीं. तरी जो पडतो तो पुष्कळ असतो.

किती शांतता पुरे, ह्याविषयीं एक प्रमाण सांगून ठेवतों. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेलांची मर्यादा आहे; पण ती बाहेरच्या आवाजासाठीं. निजावयाच्या खोलींत सतत चालणारा आवाज ३० डेसिबेलांवर नसावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं सुचविलें आहे. शहरांत रस्त्याचा गोंगाटच ह्याहून अधिक असतो, त्यामुळें यंत्राचा आवाज त्यांत खपून जातो. खेड्यांतली रात्र मुळांत शांत, म्हणून तेथें तो अधिक टोंचतो.

उपायांकडे वळण्यापूर्वीं आवाज कोणता हें ओळखावें. घूं घूं हा हवेचा आवाज. टक् टक् किंवा खरखर हा झिजलेल्या बेअरिंगचा, त्यास पंखा बदलणें हाच उपाय. आणि किडा चिरकल्यासारखी बारीक किरकिर येत असेल तर ती पंख्याची नसून कार्डावरील विजेच्या कॉइलची असते. हिच्यावर पंखे बदलून कांहीं होत नाहीं. खेळ चालू असतांना दर सेकंदास किती चित्रें काढावयाचीं ती संख्या मर्यादित केली तर ती पुष्कळदां थांबते. हें न ओळखतां पैसे खर्च करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

पहिला उपाय झाडलोटीचा. उसाच्या मुलुखांत पाचट जाळल्यावर उडणारी काजळी आणि रस्त्याचा फुफाटा घराच्या कानाकोपऱ्यांत शिरतो, तो संगणकास कसा सोडील? पत्र्यांच्या फटींत नमद्यासारखा थर बसतो व हवेची वाट बुजते. मऊ कुंचला आणि हवेचा झोत एवढें पुरे. झोत मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहीं तर तें भलत्या वेगानें फिरून बेअरिंग बिघडतें. ओलें फडकें आंत मुळींच नेऊं नये.

दुसरा उपाय अगदीं फुकटचा आहे, आणि आमच्या मतें सर्वांत मोलाचा. चिपेचा वीजखर्च तिच्या गतीच्या प्रमाणांत वाढतो, पण विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे गति तीच ठेवून दाब शेंकडा दहानें कमी केला, तर त्या हिशेबानें खर्च, आणि अर्थातच उष्णता, शेंकडा एकोणिसांनीं उतरते. कारखाने सर्व चिपांस पुरेल असा सढळ दाब देतात. आपल्या हातीं आलेल्या चिपेस बहुधा तेवढा लागत नाहीं. एमएसआय आफ्टरबर्नर नांवाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरनें हा दाब हळूहळू कमी करीत जावें, आणि दर पायरीवर तासभर काम करून पाहावें. यंत्र अडखळलें कीं एक पायरी वर यावें. ज्यांस एवढा खटाटोप नको, त्यांनीं त्याच सॉफ्टवेअरमधून विजेची कमाल मर्यादा शेंकडा ऐंशीवर आणून ठेवावी. कामाचा वेग थोडासाच कमी होतो, आणि इन्व्हर्टरवरचा भारही हलका होतो. सणसरच्या मुलानें प्रथम हेंच केलें, आणि एवढ्यानेंच अर्धें काम झालें.

उरलेलें अर्धें पंख्यांचें. एके काळीं ह्यासाठीं तयार सामान मिळे. स्वित्झर्लंडमध्यें २००१ सालीं निघालेल्या आर्क्टिक कंपनीचें ॲक्सेलेरो, कोरियाच्या झालमनचे तांब्याच्या पाकळ्यांचे पंखे, तैवानच्या राइजिन्टेकचें मॉर्फियस. मूळचें सर्व शीतनसाहित्य उतरवावयाचें आणि हें नवें, मोठें, चिपेवर चढवावयाचें. आज नव्या कार्डांस बसेल असें सामान फार थोडें. प्रत्येक कार्डाच्या भोकांचें अंतर निराळें, उंची निराळी. शिवाय कारखान्यांची स्वतःची जुडीही आतां चांगली मोठी येते, आणि काम हलकें असतां पंखे अजिबात थांबवून ठेवण्याची सोय २०१४ च्या सुमारापासून रूढ झाली. २०२१ सालीं तर आसुस कंपनीनें ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे दोन मोठे पंखे लावूनच एक कार्ड बाजारांत आणलें. तेव्हां जुडी बदलण्याच्या फंदांत सामान्य गृहस्थानें पडूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. जुडी मूळचीच ठेवावी. तिच्यावरचे लहान, पातळ पंखे तेवढे काढून त्या जागीं पेटीचे मोठे पंखे बसवावे.

हें काम दिसतें तितकें अवघड नाहीं, परंतु घाईचेंही नाहीं. आरंभीं वॉरंटीचा कागद वाचावा. कार्ड उघडल्यास ती रद्द होते असें कित्येक विक्रेते म्हणतात. ज्याची मुदत संपत आली आहे त्यानें थोडें थांबावें, हें उत्तम. मग यंत्र बंद करून तार काढावी, चालू करण्याचें बटण एकदां दाबून उरलीसुरली वीज निघून जाऊं द्यावी, आणि पेटीच्या उघड्या लोखंडास हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत ही खबरदारी अधिकच आवश्यक. कार्ड काढतांना त्याच्या खांचेच्या टोकास एक खिटी असते, ती आधीं सोडवावी. हिसका दिला तर खांच तुटते.

आतां कार्ड उलटेंपालटें करून नीट पाहावें. कांहीं कार्डांत पंख्यांचें प्लास्टिकचें कवच बाजूच्या स्क्रूंनीं धरलेलें असतें. तें जुडीस हात न लावतां निघतें. अशांचें भाग्य थोर. कांहींत मात्र जुडी चिपेवरून उचलल्याखेरीज कवच सुटत नाहीं. जुडी उचलली कीं चिपेवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनें पुसून नवी लावावी लागते. ही पेस्ट कशासाठीं, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी मध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांत हवा असते, आणि हवा ही उष्णतेची इतकी वाईट वाहक आहे कीं तांब्याची वहनशक्ति तिच्या हजारों पट भरते. त्या पोकळ्या भरण्यापुरतीच पेस्ट हवी. पोळीवर तूप लावतात तेवढी, श्रीखंडासारखी नव्हे. स्मृतीच्या चिपांवर मऊ थर्मल पॅड असतात, ते फाटले तर त्याच जाडीचे आणावे. एक मिलिमीटरच्या जागीं दोनचा पॅड घातला, तर जुडी तेथेंच टेकून मुख्य चिपेपासून अधांतरीं राहते, आणि सारें ओमफस् होतें. स्क्रू पुन्हां बसवितांना एक इकडचा, एक समोरच्या कोपऱ्यांतला, असे थोडे थोडे आवळावे. उघडी चिप कांचेसारखी ठिसूळ असते.

पंखे १२० मिलिमीटर व्यासाचे, २५ जाडीचे, दोन घ्यावे. दिवे लावून नटविलेले घेऊं नयेत. ते वीज अधिक खातात, आणि निजण्याच्या घरांत रंगीबेरंगी उजेडाचें प्रयोजन काय? त्यांचें तोंड कार्डाकडे, म्हणजे वारा पत्र्यांच्या फटींत शिरेल असें ठेवून, झिप टाय म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनीं जुडीस बांधावे. कोपऱ्यांखालीं रबराचे तुकडे घातले म्हणजे कंप पेटींत उतरत नाहीं. पट्टीचीं उरलेलीं शेपटें कापून टाकावीं, पात्यांस लागलीं कीं पहिल्यापेक्षां मोठा आवाज! कार्डाची जाडी आतां बरीच वाढेल, तेव्हां पेटींत खालीं तेवढी जागा आहे कीं नाहीं हें आधीं मोजावें. वजन वाढून कार्ड एका बाजूस कलूं लागलें, तर खालून लहानसा टेकू द्यावा.

पंख्यांची वीज शक्यतों कार्डावरूनच घ्यावी. कार्डावरचें चार टांचण्यांचें सॉकेट लहान असतें, पंख्याचें मोठें. मध्यें जोडणारी तार बाजारांत मिळते, आणि दुसरी एक दुहेरी तार घेतली कीं दोन्ही पंखे एकत्र चालतात. असें केलें म्हणजे चिप किती तापली हें पाहून कार्डच त्यांची गति ठरवितें. मदरबोर्डास जोडले तर मदरबोर्डास कार्डाच्या तापाची खबर नसते. मग फॅन कंट्रोलसारखें सॉफ्टवेअर लागतें. गति ठरवितांना एक गोष्ट ध्यानांत धरावी. झोप मोडते ती आवाजाच्या चढउतारानें. एकसारखा मंद आवाज कान विसरून जातो. म्हणून पंखा दर अंशागणिक वरखालीं होऊं न देतां त्यास दोन-तीनच पायऱ्या द्याव्या, आणि चिप चार-पांच अंश निवल्याखेरीज खालच्या पायरीवर येऊं देऊं नये.

सर्व खर्च दोन पंखे, तारा, पट्ट्या, लागल्यास पेस्ट, एवढाच. कार्डाच्या किंमतीपुढें तो किरकोळ. सणसरच्या घरीं हें काम एका रविवारीं दुपारीं झालें. मुलानें पेटी भिंतीपासून वीतभर पुढें ओढली, पुढच्या बाजूस हवा आंत घेणारा एक पंखा वाढविला, कारण कार्डानें टाकलेली तप्त हवा पेटींतच कोंडली तर मोठे पंखेही तीच पुन्हां फिरवीत बसतात. आजींची तक्रार आतां उलट आहे. यंत्र चालू आहे कीं नाहीं हेंच कळत नाहीं, म्हणून त्या झाडतांना चुकून बटण दाबतील अशी सुनेस धास्ती. बटणावर एक झांकण बसविलें आहे.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. पंखा चिपेस खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. खोलीचा पारा जितका चढेल, जवळजवळ तितकाच चिपेचा चढतो. डिसेंबरच्या रात्रीं खोलींत १५ अंश असतांना जी चिप ६० वर होती, ती मे महिन्यांत ४० अंशांच्या खोलींत त्याच कामास ८५ वर जाईल, आणि एनव्हिडियाचीं पुष्कळ कार्डें ८३ च्या आसपास वेग आवरूं लागतात. कित्येकजण ह्यावर पाण्याचा कूलर लावतात. त्या भागाची उन्हाळी हवा कोरडी असल्यानें तो खोली खरोखरच निववितो. पण त्याचा झोत पेटीवर रोखूं नये, कारण पाण्याचे तुषार व त्यांतील क्षार कार्डावर बसतात. आणि त्याचा स्वतःचा आवाज संगणकाच्या कितीतरी वर असतो, हा भाग निराळा. त्यापेक्षां भर उन्हाळ्यांत विजेची मर्यादा शेंकडा सत्तरवर आणावी, आणि मोठें काम मध्यरात्रीनंतर, भिंती निवल्यावर, सुरू होईल अशी वेळ लावून ठेवावी. काम तासभर उशिरा संपेल. लग्नघरचे लोक सकाळीं नवाच्या आंत क्वचितच येतात.

म्हणून पंखे बसविल्यावर परीक्षा थंडींत करून समाधान मानूं नये. मे महिन्यांत दुपारीं तीन वाजतां, खिडक्या नेहमींप्रमाणें ठेवून, यंत्रास तासभर पुरतें काम द्यावें, आणि चिपेचा पारा कोठें स्थिरावतो तें पाहावें. तो ८० च्या आंत राहिला, तर पंख्यांची गति आणखी एक पायरी उतरविण्यास हरकत नाहीं.